आपांनी वाटलेली चित्रं

आमच्या कलासंग्रहालयात पैसे मागण्याचं काम माझं होतं आणि पैसे मिळायचे आपांना. खरं म्हणजे एवढ्यात सगळं आलं. पण हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हसतो आणि म्हणतो, काय बाई असतील हो त्या. म्हणजे गाऱ्हाणं माझं, आणि ऐकणारा जातो त्यांच्या बाजूला. म्हणून जरा नीट सांगते.

आमचं संग्रहालय सरकारी नाही. टेकडीवरच्या एका जुन्या बंगल्यात एका घराण्याने हौसेने जमवलेली चित्रं आहेत. बहुतेक दख्खनी लघुचित्रं, वहीच्या पानाएवढी, कागदावरची. थोडी अलीकडची मोठी चित्रं. काही हिमरूचे, म्हणजे रेशीम आणि सूत एकत्र विणलेले कपडे. घराण्याने ती एका न्यासाच्या स्वाधीन केली आणि आपण मोकळं झालं. लोकांना वाटतं, चित्र भिंतीला टांगलं की काम संपलं. हैदराबादच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत जुना कागद काय काय करतो, हे कुणाला माहीत नसतं. हवा थंड ठेवावी लागते, कोरडी ठेवावी लागते, आणि ती यंत्रं कधी बंद करता येत नाहीत. पहारेकरी लागतात, विमा लागतो. तिकिटाच्या पैशांत विजेचं बिलसुद्धा निघत नाही. मग उरतात तीन माणसं: सभासद, देणगीदार आणि प्रायोजक. त्या तिघांना धरून ठेवणं हे माझं खातं.

हाताखाली नवीन मुली आल्या की मी त्यांना शिकवत असे. सभासद वर्षाची वर्गणी देतो, त्याला आपलेपणा हवा असतो. देणगीदार एखाद्या कामासाठी देतो, त्याला समाधान हवं असतं. प्रायोजक कंपनीच्या खात्यातून देतो, त्याला नाव हवं असतं, आणि ते दारातून आत शिरल्याबरोबर दिसेल अशा उंचीवर हवं असतं. हे मी एकदा मोठ्या तयारीने समजावून सांगत होते, तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून आपा म्हणाल्या, "आणि चित्राला काय हवं असतं, ते पण शिकव की पोरी."

मुली हसल्या. त्या दिवसापासून त्या डबा खायला आपांच्या टेबलापाशी बसू लागल्या.

आपा म्हणजे थोरली बहीण, उर्दूत. आमचे पहारेकरी बहुतेक जुन्या शहरातले, त्यांनी हे नाव पाडलं आणि मग संचालकांपासून माळ्यापर्यंत सगळे तेच म्हणू लागले. वास्तविक बाई आमच्यासारख्याच मराठी. घराणं पिढ्यानपिढ्या हैदराबादेत. आजोबा निजामाच्या नोकरीत, वडील वकील, आणि स्वतः मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. विद्यानगरला भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायच्या. कार्यालयात मराठी घरातली मी एकटी, तेव्हा त्यांना ताई म्हणायचा हक्क खरा माझा होता. मी मॅडम म्हणायची. मुद्दाम.

त्या आल्या ते वेळ घालवायला, बिनपगारी. पाहुण्यांना चित्रं दाखवायला कुणीतरी हवं होतं. मग संचालकांनी त्यांना थोडं मानधन सुरू केलं आणि सभासदांचं काम पण तुम्हीच बघा म्हणाले. जागा नव्हती म्हणून टेबल माझ्या खोलीत टाकलं. मी पुण्याहून व्यवस्थापन शिकून आलेली, आधी दोन मोठ्या दवाखान्यांसाठी देणग्या जमवलेल्या. मला कुणी विचारलंही नाही.

दिसायला म्हणाल तर सुती साडी, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. बंगल्याची फरशी पायांना लागते म्हणायच्या. तोंडात सतत एक लवंग. पण त्यांचा मुख्य विक्षिप्तपणा वेगळाच होता. त्या कधीही चित्राकडे पाठ करून बसत नसत. बैठकीच्या खोलीतही एक मोठं चित्र होतं, तर त्या खुर्ची फिरवून घ्यायच्या. स्वतःपुरतं ठीक होतं, पण त्या इतरांनाही उठवायच्या. एकदा देणगीदारांचं जेवण होतं. मी आठवडाभर डोकं खाजवून कोण कुठे बसेल ते ठरवलेलं, कारण एका बांधकामवाल्याचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. आपा आल्या, टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि भिंतीकडे पाठ असलेल्या सगळ्यांना उठवून समोरच्या बाजूला सरकवलं. "चित्राला पाठ दाखवली की ते रुसतं," एवढंच कारण. ते दोन बांधकामवाले मांडीला मांडी लावून बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून देवाचा धावा करत होते. दोघे जेवण संपेपर्यंत चित्रातल्या हत्तीबद्दल बोलत राहिले आणि निघताना एकमेकांना घरी बोलावून गेले. संचालक मला म्हणाले, बसण्याची व्यवस्था छान केलीत. मी म्हटलं, मी नाही, आपांनी. हे मी का म्हटलं, कोण जाणे. गप्प बसले असते तर चाललं असतं.

माझं सभासदांचं पत्रक होतं. रुपेरी, सोनेरी आणि हिरा अशा तीन श्रेणी, प्रत्येकीला वेगवेगळ्या सवलती, गुळगुळीत कागद, सुंदर छपाई. आपांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, "बेगम बाजारात डबे मिळतात ना, तसं वाटतंय. स्टीलचा, पितळेचा, तांब्याचा. आत सगळ्यांच्यात साखरच."

पत्रक त्यांनी वाटलं नाही. त्यांनी वेगळंच सुरू केलं. नवीन सभासद झाला की त्याला घेऊन त्या दालनातून फिरायच्या. बोलणं फारसं नाही. मग कुठेतरी थांबायच्या आणि म्हणायच्या, "हे तुमचं." माणूस गोंधळायचा. माझं म्हणजे? "म्हणजे तुम्ही याचे. वर्षातून एकदा तरी यायचं, विचारपूस करायची. वाढदिवसाला आलात तर उत्तम." पाटी नाही, प्रमाणपत्र नाही. बस, तोंडी.

मला वाटलं, हा पोरखेळ आहे. पण माणसं येऊ लागली. वाढदिवसाला बायकोमुलांना घेऊन येत, हळू आवाजात सांगत, हे माझं. एका दंतवैद्याला त्यांनी एक जखमी हरिण दिलं होतं. तो परदेशातून आला की विमानतळावरून आधी आमच्याकडे यायचा. बेगम बाजारातले एक सुक्या मेव्याचे व्यापारी होते. त्यांना एक राजकन्या दिली होती, पोपटाशी बोलणारी. ते तिच्यासमोर उभे राहून खिशातून बेदाणे काढून खायचे, आणि खाणं आणायला मनाई असूनही पहारेकरी त्यांना काही बोलायचे नाहीत. मी ज्यांना वर्ष संपताना तीन-तीन स्मरणपत्रं पाठवायची, ती माणसं आता आपण होऊन वर्गणी भरून जाऊ लागली. कारण वर्गणी थकली तर आपा चित्र काढून घेतील ही भीती. त्यांनी तसं एकदा केलंही होतं. एक तरुण व्यावसायिक चित्राकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होता. आपांनी त्याचं सभासदत्व तिथल्या तिथे रद्द केलं. त्याने अनेकदा येऊन माफी मागितली तेव्हा कुठे परत घेतलं, आणि तेही चित्र बदलून.

चित्रं त्यांनी पहारेकऱ्यांनाही दिली. माळ्याला दिलं, फरशी पुसणाऱ्या बाईंना दिलं, त्यांना वर्गणी माफ. मला दिलं नाही. मी मागितलंही नाही. एकदा मात्र मी एका चित्रापाशी जरा रेंगाळत उभी राहिले. गच्चीवर केस वाळवत बसलेल्या बाईचं होतं, मला पहिल्यापासून आवडायचं. आपा दालनाच्या त्या टोकाकडून येत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील. त्यांच्यामागे नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं होतं. आपा माझ्याशेजारी थांबल्या, मला हाताने किंचित बाजूला केलं आणि त्या जोडप्याला म्हणाल्या, "हे तुमचं." मी खोलीत येऊन मागच्या तिमाहीचा अहवाल लिहायला घेतला.

आता माझी बाजू सांगते, कारण ती दुसरं कुणी सांगत नाही. कुणी मोठी देणगी देतो म्हणजे काय होतं? करसवलतीचं प्रमाणपत्र लागतं, कंपनीच्या सामाजिक निधीतून यायची असेल तर प्रस्ताव लागतो, हिशेब तपासून द्यावे लागतात, वर्षभर काय केलं ते छायाचित्रांसकट कळवावं लागतं. हे सगळं मी करत असे. आपांना त्यातला एकही कागद भरता येत नव्हता. शिवाय मागणं हे कामच असं आहे की त्यात माणूस रोज थोडा वाकतो. माझे वडील बोधनकडचे शेतकरी, शहरात येऊन गोदामावर नोकरीला लागलेले. शाळेची फी माफ करा, वसतिगृहात जागा द्या, हे सगळं मागून मागून आम्ही भावंडं शिकलो. मला मागता येतं, हे माझं कसब आहे. आपा म्हणायच्या, "मागणाऱ्याचा आवाज बारीक होतो. आपण आवाज बारीक करायचा नाही." ज्याच्या आजोबांच्या दारात घोडागाडी उभी असायची, त्याला हे म्हणणं सोपं आहे. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. पण एक दिवस त्यांच्यासारखं करून बघितलं.

आपा भावाच्या मुलीच्या लग्नासाठी रजेवर होत्या. एक प्राध्यापक आणि त्यांची बायको नवीन सभासद झाले होते. मी त्यांना घेऊन निघाले. बोलले नाही, त्यांच्यासारखीच हात मागे बांधून चालले. एका घोडेस्वाराच्या चित्रापाशी थांबले, थोडा वेळ जाऊ दिला आणि म्हटलं, हे तुमचं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. प्राध्यापक म्हणाले, यासाठी वेगळे पैसे पडतात का? मी म्हटलं, नाही नाही. बाईंनी विचारलं, त्या चित्रं देणाऱ्या अम्मा कधी येतात? आम्ही तेव्हा येऊ. आणि खरंच, आपा रजेवरून परत आल्यावर ते दोघे पुन्हा आले आणि आपांकडून एक बगळा घेऊन गेले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात लघुचित्रांच्या दालनातलं हवेचं यंत्र बिघडलं. दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं, हे आता ढकलत ढकलत एखादा पावसाळा काढेल, पुढे नवीनच घ्यावं लागेल, आणि नवीन म्हणजे सगळ्या बंगल्याचं. न्यासाकडे तेवढे पैसे नव्हते. संचालक म्हणाले, नाही जमलं तर ते दालन बंद करून चित्रं पेट्यांत ठेवावी लागतील. मी मात्र निर्धास्त होते, कारण माझ्याकडे औषधवाले होते.

औषधवाले म्हणजे शहराबाहेर मोठा औषधांचा कारखाना असलेले एक तेलुगू गृहस्थ. नाव सांगत नाही, सांगायची गरज नाही. मी त्यांच्यावर फार दिवस मेहनत घेतली होती. त्यांच्या नातवंडांचे वाढदिवस मला पाठ होते. उगादीच्या पाडव्याला मिठाई, उन्हाळ्यात आंब्याची करंडी, घरच्या प्रत्येक लग्नात हजेरी. शेवटी ते तयार झाले. सगळी यंत्रणा ते देणार, बदल्यात लघुचित्रांच्या दालनाला त्यांच्या कंपनीचं नाव, आणि ते बाहेर दारावर नाही तर आत, मधल्या भिंतीवर चित्रांच्या वरती, पितळी अक्षरांत. संचालक जरा कुरकुरले, पण मान्य केलं. हे जमलं की मला खात्याचं प्रमुखपद द्यायचं असं ते बोललेही होते.

सही करण्याआधी अक्षरं कुठे लागतील ते बघायला औषधवाले स्वतः आले. संचालक, मी, त्यांचा सचिव. आपांना मी कळवलं नव्हतं, पण त्या दालनातच होत्या. औषधवाले भिंतीपाशी उभे राहिले आणि हात वर करून आम्हाला दाखवू लागले, इथून सुरू, इथे संपेल. त्यांच्या पाठीमागे हुक्का ओढणाऱ्या एका वयस्क बाईचं चित्र होतं. आपा पुढे आल्या.

"साब, आपके पीछे कोई बैठे हैं," त्या म्हणाल्या.

औषधवाल्यांनी दचकून मागे पाहिलं. चित्र दिसल्यावर हसले. चांगलं आहे म्हणाले, आणि विचारलं, याची किंमत काय असेल?

आपा मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "यांना आज घरी जाऊ दे. ज्याला चित्र दिसत नाही, त्याचं नाव चित्राच्या डोक्यावर नक्को." आणि मला वाटलं की मराठी आहे, निभावलं, तोच त्यांनी ते सावकाश तेलुगूतही सांगितलं.

औषधवाले सरळ जाऊन गाडीत बसले. संचालकांचा चेहरा पांढरा पडला होता. ते आपांना म्हणाले, हे तुम्ही काय केलंत. आपा म्हणाल्या की यंत्र पाहिजे हे मलाही कळतं, पण अक्षरं बाहेर लावा. आणि शांतपणे दुसऱ्या दालनात निघून गेल्या.

मला काय वाटलं ते सांगते. दालन बंद होणार होतं, माझी सगळी मेहनत पाण्यात गेली होती, प्रमुखपद हातातून निसटलं होतं, आणि मला आनंद झाला होता. अखेर त्या बाईंच्या हातून एक धडधडीत चूक झाली होती आणि ती सगळ्यांनी बघितली होती. घरी येताना मी कोठीच्या बाजारात उतरून स्वतःसाठी साडी घेतली.

दुसऱ्या आठवड्यात संचालकांनी मला माफी मागायला पाठवलं. औषधवाल्यांनी बराच वेळ बाहेर बसवलं. आत गेल्यावर मी तयार करून नेलेलं बोलू लागले, त्यांनी हाताने थांबवलं. त्यांना आपांबद्दल विचारायचं होतं. त्या कोण, काय करतात, कुणाच्या कोण. म्हणाले, किती वर्षांत मला कुणी खोलीतून बाहेर जा म्हटलेलं नाही. रागावलेत असं काही वाटेना. मग त्यांनी मनातलं काढलं. त्यांचे हृदयाचे डॉक्टर आमचे सभासद होते. दर तपासणीला ते डॉक्टर यांना आपल्या चित्राबद्दल ऐकवत: माझं जहाज असं, माझं जहाज तसं.

"मेरे डाक्टर के पास एक बोम्मा है," औषधवाले म्हणाले. बोम्मा म्हणजे तेलुगूत चित्र. "मेरेको क्यों नहीं?"

मी म्हटलं, तुमच्या नावाचं तर अख्खं दालन होईल, ते अजूनही होऊ शकतं.

"पूरा हॉल नक्को, मॅडम. एक बोम्मा होना."

आंब्यांच्या करंड्या, मिठाया, लग्नं सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या माणसाचा चेहरा पाहून मला एक गोष्ट लख्ख कळली. हा डॉक्टरवर जळत होता, मी आपांवर. आम्ही दोघं एकाच रांगेत होतो.

ते सभासद झाले. साधे, सगळ्यात कमी वर्गणीचे, कारण आपांनी श्रेण्या मानल्याच नव्हत्या. आपांनी त्यांना महिनाभर थांबवलं. मग एका रविवारी सकाळी बोलावलं, सगळी दालनं पायी फिरवली, आणि अगदी मागच्या बोळातल्या एका चित्रापाशी नेऊन उभं केलं. कुणा दरबारी मुन्शीचं चित्र होतं ते. दमट हवेने कागदाला बुरशी चढलेली, आणि अर्धा चेहरा कसरीने खाल्लेला. कुणी त्याच्याकडे बघतही नसे. औषधवाल्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले की याला तर तोंडच नाही.

"म्हणूनच," आपा म्हणाल्या. "याला विचारणारं कुणी नाही."

मला वाटलं, आता मात्र संपलं. पण पुढच्या रविवारी औषधवाले आले. त्याच्या पुढच्याही. आधी नुसते उभे राहायचे. मग विचारू लागले, तोंड कुणी खाल्लं? कसर का लागते? दुरुस्त होईल का? आपांनी त्यांना चित्रं दुरुस्त करणाऱ्यांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलं, करता येईल, पण हवा अशीच राहिली तर पुन्हा खाल्लं जाईल. औषधवाल्यांचं सगळं आयुष्य गोळ्या कोरड्या ठेवण्यात गेलेलं. दमटपणा म्हणजे काय हे त्या माणसाला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी कारखान्यातले दोन अभियंते आणून सगळा बंगला तपासून घेतला आणि एक दिवस संचालकांच्या खोलीत जाऊन सांगितलं की यंत्रणा मी बसवतो. अक्षरं नकोत. मागितलंच काही तर एवढंच, की मुन्शीला मागच्या बोळातून जरा उजेडात आणा.

त्या देणगीचे कागद मी केले. प्रस्ताव, करार, करसवलत, अहवाल, सगळं. यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी छोटासा कार्यक्रम ठेवला. औषधवाले बोलायला उभे राहिले. त्यांनी संचालकांचे आभार मानले, मुन्शीचे मानले, आणि आपांचं नाव घेताना हात जोडले. मग खाली बसता बसता आठवण झाली म्हणून म्हणाले, कार्यालयातल्या मॅडमनी कागदपत्रं चांगली केली. आपा पहिल्या रांगेत होत्या, खुर्ची चित्रांच्या दिशेने फिरवून. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि डोळा मिचकावला. ते मला भाषणापेक्षा जास्त लागलं.

प्रमुखपद मला मिळालं. त्या वर्षीचे आकडे इतके चांगले होते की न देऊन चाललं नसतं. दारावर माझ्या नावाची पाटी लागली. पहिल्या दिवशी जो सभासद आत आला, त्याने विचारलं, आपा कुठे बसतात?

पुढे आपांच्या गुडघ्यांनी दगा दिला. घरच्या जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि वरच्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं. संचालकांनी त्यांचं टेबल तसंच ठेवलं होतं. सभासदांशी आता मीच बोलते. चित्रं मी वाटत नाही, ते मला जमत नाही हे मी समजून आहे. पण आपांनी वाटलेल्यांची आठवण ठेवते. कुणाचा वाढदिवस आला की फोन करते, तुमचं हरिण वाट बघतंय म्हणते. त्यावर माणसं हसतात आणि येतात. औषधवालेही माझ्याशी बोलू लागले. आता बंगल्याच्या दुसऱ्या मजल्याच्या कामात त्यांना रस आहे.

गेल्या महिन्यात मी आपांना भेटायला विद्यानगरला गेले. एरवी टाळत होते. त्यांच्या वहिनींनी चहा आणून दिला आणि त्या खाली गेल्या. आपा खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या, पायांत ते बूट नव्हते, खूप बारीक वाटल्या. खोलीच्या भिंती रिकाम्या होत्या, एक कॅलेंडरसुद्धा नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, एक लावलं असतं तर बाकीची रुसली असती.

मग त्यांनी एकेकाची चौकशी केली. दंतवैद्य येतो का, व्यापाऱ्याचे बेदाणे चालू आहेत का. मी सांगत गेले. येतात, मला भेटतात, बोलतात. सांगताना मला बरं वाटत होतं, लपवत नाही.

"औषधवाले हल्ली कुणाशी बोलतात?" त्यांनी विचारलं.

"माझ्याशी."

"रविवारी येतात?"

"येतात. मग माझ्या खोलीत चहा घेतात."

त्यांनी साडीचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाल्या, "मला फोन नाही करत ते." आवाज बारीक झाला होता.

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं. आपांना माझा हेवा वाटत होता. तो त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेला होता, आणि तो ओळखण्यात माझ्याहून तरबेज कोण असणार. मी फक्त चहा पीत गप्प बसायचं होतं. पण समोर बसलेली ती बाई मला बघवेना. हडकुळी, केविलवाणी, माझ्याकडून काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून थांबलेली. हिच्यावर मी माझ्या आयुष्यातली इतकी वर्षं जळले?

म्हणून मी खरं ते सांगितलं. औषधवाले दर रविवारी दारातून आत आल्याबरोबर आधी तुमची चौकशी करतात. फोन करत नाहीत, कारण न बोलावता फोन केला तर तुम्ही मुन्शी काढून घ्याल अशी त्यांना धास्ती आहे. हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय.

आपांनी काठ सोडला. पाठ सरळ झाली. पदर नीट करून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या माझं पत्रक उलटंसुलटं करून बघायच्या.

"हौ, विचारणारच," त्या म्हणाल्या. "या रविवारी त्यांना घेऊन ये इथे. आणि तू खालीच थांब वहिनीपाशी. आमच्या बोलण्यात तुझं काय काम?"

मी हो म्हटलं आणि पर्स उचलली. जिना उतरताना माझे कान तापले होते. वहिनी खाली भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कशा वाटल्या? मी सांगितलं, ठणठणीत आहेत, अगदी पहिल्यासारख्या.